कुंभाराच्या सुनेचं इंग्रजी

तळ्याकाठची जमीन विकली गेली, हे कुंभाराला कुणी सांगितलं नाही. नेहमीसारखा तो सकाळी गाडा घेऊन गेला, तर ज्या दरडीतून बाप-आजा माती काढत आले, तिच्यासमोर सिमेंटचे खांब उभे होते आणि दोन माणसं तार ताणत होती. नव्या मालकाचा बंगला अजून पुरा व्हायचा होता. फाटक मात्र आधीच बसलं होतं.

कुंभार फाटकापाशी दोन तास थांबला. पहारेकऱ्यानं आधी बाकावर बसू दिलं, मग बाकाला रंग द्यायचाय म्हणून उठवलं. शेवटी मालक गाडीतून उतरला. त्यानं कुंभाराच्या मातीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माती काय हो, कुठंही मिळते."

घरी येऊन कुंभारानं ते बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्याची आई अंगणात बसून कच्च्या कुंड्यांच्या कडा ओल्या फडक्यानं सारख्या करत होती.

"मग बायको काय, कुठंही मिळते, असं म्हणालास का त्याला?"

"नाही सुचलं."

"घरी आल्यावर सगळ्यांनाच सुचतं," म्हातारी म्हणाली.

आत सून भाकऱ्या थापत होती, तिला हसू आलं. पण बाहेर येऊन तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि ते हसू ओसरलं. मागच्या छपरात जुनी माती जेमतेम एका आव्यापुरती, एका भाजणीपुरती, उरली होती.

घरात माणसं तीनच. कुंभार चाकावर, म्हातारी घडणीवर आणि भाजणीवर, सून चिखल तुडवायला आणि मालाच्या बांधाबांधीला. ही सून आठवड्यातले चार दिवस सहाच्या बसनं शहरातल्या विद्यापीठात जाई. इंग्रजी घेऊन एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होती ती. याला कारण म्हातारीच. लग्न होऊन आली तेव्हा कुंड्या बांधायचं काम सुनेकडे आलं होतं. बांधायला रद्दीची वर्तमानपत्रं असत, त्यात इंग्रजीही असत, आणि सून कागद हातात घेतला की वाचतच बसे. "एक कुंडी बांधायला हिला अर्धा तास लागतो," अशी कुंभारानं हसत तक्रार केली, तर म्हातारी म्हणाली, "मग हिला कागदच वाचायला पाठव. कुंड्या मी बांधते." कुंभाराला वाटलं, आई थट्टा करतेय. म्हातारी थट्टा करत नव्हती.

विद्यापीठात एक विषय होता, प्रगत भाषाकौशल्याचा. मॅडमनी सगळ्यांना आपल्या घरातलं एखादं काम पायरी पायरीनं इंग्रजीत लिहून आणायला सांगितलं होतं. सुनेनं चिखल करण्याबद्दल लिहिलं. किती भिजवायचा, टाचेनं कुठं दाबायचं, कधी थांबायचं. मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी तिला वर्गापुढे उभं करून वाचायला लावलं.

तिसऱ्याच ओळीत मॅडमनी हात वर केला. "थांब. हा शब्द परत म्हण."

तिनं म्हटला. वेट. माती ओली असली पाहिजे, असं ते वाक्य होतं.

मॅडमनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. एक वेट, म्हणजे ओला. दुसरा व्हेट, म्हणजे गुरांचा डॉक्टर. "तू दोन्हींच्या मधलंच काहीतरी म्हणतेस. ऐकणाऱ्याला कळत नाही यातलं कुठलं."

"म्हणजे मॅडम, डॉक्टर भिजवून पायानं तुडवायचा?" मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, आणि वर्ग खदाखदा हसला. सूनही हसली. हसता हसता तिनं पाय बाकाखाली ओढून घेतले. तिच्या टाचांच्या भेगांत माती बसलेली असे, कितीही घासली तरी निघत नसे.

तास संपल्यावर मॅडमनी तिला थांबवून घेतलं. "लिहिण्यात तुझा हात धरणारं वर्गात कुणी नाही. पण तोंडी परीक्षा वेगळी असते. दहा मिनिटं एका विषयावर बोलायचं, मग प्रश्न. परीक्षक बाहेरचे येतात, ते तुझी वही बघत नाहीत. तोंडीत नापास झालीस तर पुढच्या वर्षात जाता येत नाही."

"किती दिवस आहेत मॅडम?"

"सात आठवडे. आणि रडू नकोस. हे कानाचं आणि ओठांचं काम आहे, अकलेचं नाही. रोज मोठ्यानं बोल. घरी कुणी ऐकणारं आहे का?"

"आहेत," सून म्हणाली. पण त्यांना इंग्रजी येत नाही, हे तिनं सांगितलं नाही.

कुंभारानं नदीच्या वळणावरून माती आणायला सुरुवात केली. लांबचा रस्ता, वर चढ. माती रंगानं चांगली होती, चाकावर चढतही होती, पण चिखल तुडवताना पायाला बारीक पांढरे खडे टोचत. कुंभार मोठे खडे वेचून फेकायचा. बारीक राहायचे ते राहायचेच.

सुट्टीच्या दिवशी सून खड्ड्यात उभी राहून चिखल तुडवता तुडवता शब्द म्हणत होती. वेट, व्हेट. वेस्ट, व्हेस्ट. पाय एका लयीत पडत होते, शब्दही त्याच लयीत. म्हातारी पलीकडे आव्यातून काढलेल्या कुंड्या पारखत बसली होती. तिला दूरचं धड दिसत नसे. एकेक कुंडी डाव्या तळव्यावर उपडी धरायची, उजव्या हाताच्या बोटानं वाजवायची, आणि कान देऊन चांगली इकडे, तडकलेली तिकडे ठेवायची. केसाएवढी चीर तिच्या कानातून सुटत नसे.

"काय गं," म्हातारी मधेच म्हणाली, "प्रत्येक गोष्ट दोनदा का म्हणतेस?"

"दोनदा नाही आई. वेगळे शब्द आहेत ते."

"छे. एकच आहे. मी मघापासून ऐकतेय."

सुनेचे पाय थांबले. मॅडमनी म्हटलं तेच ही म्हणत होती. तिनं हात धुतले, फोन आणला आणि मॅडमनी पाठवलेलं ध्वनिमुद्रण लावलं. कुणी बाई संथपणे तेच शब्द म्हणत होती. म्हातारीनं मान तिरकी केली, बोट कुंडीवर तसंच ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"हिचे दोन आहेत," ती म्हणाली. "एकात वारा दाताला घासून येतो. दुसऱ्यात दात लागतच नाहीत, तोंड फुंकणीसारखं होतं."

"तुम्हाला कसं कळलं? ती दिसत तर नाही."

"कळायला दिसायला कशाला पाहिजे? तू चूल पेटवताना फुंकणी धरतेस ना, तसे ओठ कर आणि म्हण."

सुनेनं ओठांचा चंबू केला आणि म्हटलं. वेट.

"हां. आता दुसरा. वरचे दात खालच्या ओठावर टेकव. जोरात चावू नकोस, तुझाच ओठ आहे."

व्हेट.

"आता झाले दोन," म्हातारी म्हणाली आणि तिनं पुढची कुंडी उचलली. "पन्नास वेळा म्हण. चुकलीस की मी खापर वाजवीन."

तेव्हापासून अंगणात हे रोजचंच झालं. सून बोलायची, म्हातारी कुंड्या पारखायची, आणि शब्द बिघडला की फुटक्या खापरावर टकटक करायची. अर्थाशी तिला देणंघेणं नव्हतं. "शेवट खाल्लास," म्हणायची, "वाक्याचा शेवट गिळू नकोस, तो काय घास आहे?" किंवा, "आत्ता घाई केलीस. कशाला? बस चुकतेय का?" कुंभार चाकावरून म्हणे, "तुम्ही दोघी मिळून दिवसभर गुरांच्या डॉक्टरला हाका मारताय. आला एखादा तर गुरं कुठून दाखवायची?"

आणि मग नव्या मातीचा पहिला आवा निघाला.

शहराच्या वेशीवरच्या रोपवाटिकेनं चारशे कुंड्या सांगितल्या होत्या. कुंड्या लालबुंद निघाल्या, म्हातारीनं एकेक वाजवून पाहिली, सगळ्या खणखणीत. कुंभारानं गाडाभर माल पोचवला. पाचव्या दिवशी रोपवाटिकेचा टेम्पो दारात आला. रोपवाटिकावाल्यानं स्वतः उतरून वीसेक कुंड्या रस्त्याच्या कडेला ओळीनं मांडल्या. प्रत्येकीच्या अंगावर ढलप्या उडाल्या होत्या, आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका होता. येणारेजाणारे थांबून पाहू लागले.

"काय, देवी आल्यात का कुंड्यांना?" तो म्हणाला. "बाकीच्याही अशाच. तुझ्या बापाचा माल वापरत आलोय म्हणून एकवार आणखी थांबतो. पुढच्या आव्याला हेच झालं, तर प्लास्टिकच्या घेईन."

कुंभारानं मान खाली घालून कुंड्या आत नेल्या. एकाही माणसानं हात लावला नाही. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "आता सुनेला बसवा घरी. म्हण आहेच ना, कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येतेच."

"येते की," म्हातारी म्हणाली. "पण तिला तिथं बघायला तू आधी जाऊन बसू नकोस."

त्या संध्याकाळी जेवताना सून म्हणाली, "या वर्षी राहू दे माझं. माती दुप्पट चाळायला लागणार, दुप्पट तुडवायला लागणार. दोन हात कमी पडतायत."

कुंभारानं भाकरी मोडली. त्यानं अडवलं नाही, याचंच तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला. म्हातारी जेवत राहिली.

"उद्या जाऊन पुस्तकं परत करून येते," सून म्हणाली.

सहाची बस पकडून ती गेली. ग्रंथालयात दोन पुस्तकं परत केली आणि बस सुटायला वेळ होता म्हणून शेल्फांमधून फिरत राहिली. भाषेच्या कपाटांपासून लांब, तळमजल्याच्या कोपऱ्यात, हस्तकलेची पुस्तकं होती. मातीकामाचं एक जाड इंग्रजी पुस्तक तिनं काढलं आणि उभ्या उभ्याच मागची सूची चाळली. कुंड्यांवरचे ते पांढरे ठिपके तिला चुन्यासारखे वाटले होते. चुना. पान दोनशे अकरा. पानावर एका भांड्याचं चित्र होतं, अंगभर खळगे, खळग्यांत पांढरे ठिपके. दारात मांडलेल्या कुंड्यांसारखंच. ती खाली फरशीवर बसली आणि वाचू लागली. वाक्यं लांबलचक, एकात एक गुंतलेली होती. वर्षभर वर्गात अशीच वाक्यं सोडवायला शिकवली होती, कर्ता कुठला, क्रिया कुठली, कुठली अट कशाला लागू. तिनं ती तशीच सोडवली. एका शब्दाशी मात्र अडली. स्लेक. कोश उघडला तर अर्थ दिला होता, तहान भागवणे. चुन्याची तहान? तिनं पान उतरवून घेतलं आणि बस गाठली.

घरी आली तर अंगणात कुणी नव्हतं. मागच्या खड्ड्यातून धापा टाकल्याचा आवाज आला. म्हातारी गुडघाभर चिखलात उभी होती. छपराच्या खांबाला दोर बांधून तो दोन्ही हातांनी धरला होता, आणि एक पाय उचलून, थांबून, दुसरा उचलून ती तुडवत होती. उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता.

"आई! हे काय चाललंय?"

"दोन हात कमी पडतायत म्हणालीस," म्हातारी म्हणाली. "हाताचं मला काही करता येईना. पाय होते."

सून खड्ड्यात उतरली. तिनं म्हातारीला काखेत धरून वर काढलं, ओट्यावर बसवलं, कोमट पाणी आणून पाय धुतले. बोटांच्या बेचक्यांतून माती काढताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. म्हातारीनं तिकडे लक्ष दिलं नाही.

"पुस्तकं दिलीस परत?"

"दोन दिली."

"मग हे काय आहे पिशवीत?"

"हे उतरवून आणलंय. आपल्या कुंड्यांबद्दल आहे."

तेवढ्यात कुंभार मातीचा गाडा घेऊन आला. त्याला आईचा गुडघा दिसला आणि तो तसाच खाली बसला. सुनेनं वही उघडून एकेक ओळ मराठीत सांगायला सुरुवात केली. मातीतला चुन्याचा खडा आव्यात भाजला की त्याची चुनकळी होते. कुंडी बाहेर काढली की ती कळी हवेतला ओलावा थोडा थोडा ओढते, फुगते, आणि वरची ढलपी उडवते. म्हणून माती बारीक चाळायची. आणि कुंड्या आव्यातून काढल्या की त्या गार व्हायच्या आत पाण्यात बुडवून त्या चुन्याची... "इथं मला नीट कळलं नाही. कोशात लिहिलंय, तहान भागवायची."

"चुन्याची तहान!" कुंभार म्हणाला.

म्हातारी मात्र हसायला लागली. "अरे, चुनकळी विरवत नाहीत का? पाणी ओतलं की फसफसते, पाणी पीत राहते, आणि पिऊन झालं की लोण्यासारखी मऊ पडते. मग ती कशाला फुगेल? पोट भरलं की भांडण संपलं. बरोबर लिहिलंय त्यानं. तहानच ती."

"गरम कुंडी पाण्यात घातली तर तडकेल की."

"किती गरम ते लिहिलंय का बघ गं."

सुनेनं बोट फिरवत ओळ शोधली. "हाताला सोसेल इतकी."

दहा कुंड्या भाजून त्यांच्यावर करून पाहिलं. कुंभारानं घाई केली, पहिल्या तीन कुंड्या टाळी वाजल्यासारख्या तडकल्या. "सोसेल इतकी म्हटलंय," म्हातारी ओरडली, "तुझ्या हाताला नाही, माणसाच्या हाताला!" उरलेल्या सात त्यांनी पाण्यात ठेवल्या. बारीक बुडबुडे आले, पाण्याला दुधासारखी झाक आली. आठ दिवस त्या सात कुंड्या ओट्यावर होत्या. येताजाता तिघंही त्यांच्याकडे बघत. एकीची एकही ढलपी उडाली नाही.

मग मांजरपाटाच्या फडक्यातून माती गाळायला सुरुवात झाली. सून पहाटे उठून दोन तास तुडवायची आणि बस पकडायची. बसमध्ये हातांना ओल्या मातीचा वास यायचा. कुंभारानं आईसाठी खड्ड्याला फळी ठोकली, म्हणजे तिला उतरताच येऊ नये. म्हातारी दिवसभर फळीला शिव्या घालायची. दुसऱ्या आव्याच्या साडेतीनशे कुंड्या रोपवाटिकेला पोचल्या. मालकानं आठवडाभर वाट पाहिली आणि एकच निरोप पाठवला, की आणखी पाहिजेत. टेम्पो या वेळी दारात आला नाही, म्हणून कुंभार जरा खट्टू झाला. रस्त्यावरच्या लोकांनी बघायला हवं होतं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी टेबलापलीकडे मॅडम आणि बाहेरून आलेले एक पांढऱ्या केसांचे परीक्षक होते. सुनेनं विषय सांगितला: तहानलेला चुना. परीक्षकांनी भुवया उंचावल्या.

ती बोलू लागली. कुंपणाचं सांगितलं, नदीच्या मातीचं, रस्त्याच्या कडेला मांडलेल्या कुंड्यांचं. एका वाक्यात वेट आला आणि जीभ घसरली. तिच्या तिलाच ते ऐकू आलं. ती थांबली. परीक्षकांसमोर, अगदी न लाजता, तिनं फुंकणीसारखे ओठ केले, शब्द पुन्हा नीट म्हटला आणि पुढे गेली. मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं, पण त्यांच्या गालावरचं हसू तिला दिसलं.

प्रश्न एकच आला. उद्या त्या मालकानं कुंपण काढलं तर काय कराल?

याची तयारी नव्हती. ती सावकाश, शेवट न गिळता म्हणाली, "जुन्या मातीकडे परत जाऊ. ती चांगलीच आहे. पण आता कुणी आम्हाला अडवलं म्हणून आम्ही अडणार नाही."

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर मॅडम मागोमाग आल्या. "उच्चारात काठावर पास आहेस. बाकी सगळ्यात पुढे. पुढच्या वर्षी वर्गात पहिल्या बाकावर बसायचं, आणि पाय लपवायचे नाहीत."

ऊन उतरायच्या वेळी ती घरी पोचली. पास झाल्याचं ऐकून म्हातारीनं फक्त मान हलवली, जणू याहून वेगळं काय व्हायचं होतं. मग म्हणाली, "तिथं जे बोललीस ते सगळं म्हणून दाखव."

"आता? इंग्रजीत?"

"तिथं कशात बोललीस? आणि मधलं गाळू नकोस."

सून अंगणात उभी राहिली. म्हातारी सुजका पाय पाटावर ठेवून बसली, कुंभार चाकावर. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं म्हटलं. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. कुंभारानं आधी चाक फिरतं ठेवलं होतं, मग त्याचा वेग कमी झाला, मग ते थांबलं आणि त्यावरची कुंडी एका बाजूला कलली, तरी त्यानं तिला हात लावला नाही.

संपल्यावर म्हातारीनं डोळे उघडले.

"ते मदर-इन-लॉ म्हणजे मीच ना?" म्हातारी म्हणाली.

"तुम्हीच."

"आई पाच वेळा आली," कुंभार म्हणाला. "मी मोजलं. हजबंड एकदाच."

सुनेला हसू फुटलं. "एकदाच आहात, पण मोठ्या वाक्यात आहात."

"काय आहे त्यात?"

ती मराठीत सांगू लागली, आणि सांगताना तिला उगाचच लाज वाटली. "माझा नवरा फार बोलत नाही. माती चाळून, गाळून झाली, तरी तो ती पुन्हा हातात घेतो आणि डोळे मिटून, नुसत्या अंगठ्यानं, राहिलेला एकेक कण शोधून काढतो. मी सकाळी बसला जाते तेव्हा तो हेच करत असतो, आणि परत येते तेव्हाही."

कुंभारानं हाताकडे पाहिलं. हात चिखलानं माखलेले होते, म्हणून त्यानं डोळे बाहीला पुसले.

"मराठीत कळलं," तो म्हणाला. "आता इंग्रजीत म्हण. तेवढंच."

तिनं म्हटलं.

"अजून एकदा."